गोणपाटाच्या अलीकडे-पलीकडे

लीलाराम मास्तरांनी गोणपाटाची शेवटची दोरी आवळली, हात झटकले आणि म्हणाले, "अब देखता हूँ, कैसे मिलती हो तुम दोनों."

बकुळा गोणपाटाच्या अलीकडे मांडी घालून बसली होती. पलीकडे तिची नणंद कुंदा. दोघींच्या हातात व्हायोलिन. मध्ये साखरेची पोती उसवून, दाभणानं एकमेकांना जोडून केलेला पडदा, छपरापासून जमिनीपर्यंत. आरपार काही दिसत नव्हतं. साखरेचा आंबूस गोड वास मात्र अजून येत होता.

"शुरू."

बकुळेनं गज ओढला. तिची ओळ लांब होती, चढून जाऊन, वळसा घेऊन, सावकाश खाली उतरणारी. कुंदाची आखूड, एकाच जागी घुटमळणारी. दोन्ही ओळी मास्तरांनी रचलेल्या. दोन्ही पुन्हा पुन्हा वाजवायच्या, आणि लांबीच अशी वेगवेगळी ठेवलेली, की त्यांनी एकमेकींना चुकवत राहावं. मास्तरांना तेच हवं होतं.

थोडा वेळ चुकवलंही. मग कुंदाच्या ओळीचा शेवटचा सूर किंचित लांबला, मागून येणाऱ्या माणसासाठी पाऊल रेंगाळतं तसा, आणि दोघी एकाच क्षणी, एकाच षड्जावर येऊन टेकल्या.

मास्तर स्टुलावरून उठले. "मिल गईं. फिर मिल गईं. अदी, ये क्या करते हो? बीच में दीवार है, फिर भी?"

अदी म्हणजे मोठी बहीण. मास्तर बकुळेपेक्षा चांगलेच मोठे, पण कॅम्पात बाईला मानानं हाक मारायची तर अदीच.

"मी काही नाही करत," बकुळा म्हणाली. "पलीकडे विचारा."

"मीपण नाही केलं काही," गोणपाट म्हणालं.

•

मास्तरांना काय हवं होतं

कराचीत लीलाराम एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात होते. फाळणीनंतर आगबोटीनं मुंबईला आले, तिथून कल्याणच्या पुढच्या या लष्करी छावणीत. छावणीचं पुढे उल्हासनगर झालं, तरी माणसं कॅम्पच म्हणत राहिली. मास्तरांचा कॅम्प नंबर एक. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, आणि दोन बिऱ्हाडांमध्ये भिंत म्हणून एक गोणपाट.

पहिल्या वर्षी असं झालं, की मास्तरांच्या डाव्या हाताच्या गोणपाटापलीकडे लग्न होतं. बायका लाडा, म्हणजे लग्नाची गाणी, गात होत्या, ढोलक वाजत होती. उजव्या हाताच्या गोणपाटापलीकडे एक म्हातारा त्याच संध्याकाळी गेला. रडणं गाण्यासाठी थांबलं नाही, गाणं रडण्यासाठी थांबलं नाही. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. मास्तर मध्ये बसले होते, मांडीवर जेवणाची थाळी घेऊन.

ते त्यांच्या कानातून गेलं नाही.

आता लोकांनी विटांच्या भिंती घातल्या होत्या. पुढे मास्तरांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं, मागे खोली. आणि अंबरनाथला बुवापाड्याच्या गणपतीत या नणंद-भावजयींचं व्हायोलिन ऐकल्यापासून त्या खोलीत पुन्हा गोणपाट लागलं होतं.

•

नळ

"सम नाही म्हणता?"

"नहीं."

"आणि ताल?"

"अपना अपना."

"अहो मास्तर, माणूस कुठंही भटकला तरी समेवर घरी येतो. तुमच्यात घरी कधी यायचं?"

"नहीं आना, अदी. घर जाने के पहले का म्यूज़िक है ये."

"वहिनी, मला कळलं. हे म्हणजे आपल्या नळावरचं भांडण. सगळ्या एकदम बोलतात, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि घागर भरली की आपापल्या घरी."

"बस. लडकी समझ गई. नळ बजाओ. पापड खाओ, पाणी पियो, और नळ बजाओ."

•

घरी बकुळेच्या नवऱ्यानं, दिनानाथनं, हे ऐकून खूप मजा केली. तो आगपेटीच्या कारखान्यात हजेरी ठेवायचा, आणि गंधकाच्या वासाबरोबर रोज एखादा विनोद घरी आणायचा. "दोन गल्ल्यांत दोन कुत्री रडतात तेव्हा आम्ही काठी घेऊन जातो. या दोघी तेच टांग्याचं भाडं देऊन शिकायला जातात."

"तुला नाही कळायचं," कुंदा म्हणाली.

"तुला कळलंय?"

"नळ आहे दादा तो."

"बरं. पाणी आलं की सांग."

तो हसण्यावारी नेत असला तरी जाऊ देत होता, आणि जाऊ का देतो हे त्याला आणि बकुळेला ठाऊक होतं. कुंदा एकटी वाजवू शकत नव्हती.

हे नवऱ्याबायकोत फार बोललं जात नसे. गेल्या वर्षी ठाण्याच्या एका शाळेत संगीत शिकवायला बाई हवी होती. कुंदा गेली. हेडबाईंसमोर बसली, गज तारेवर ठेवला, दोन आवर्तनं बरी गेली आणि मग हात असा कापायला लागला की व्हायोलिन पेटीत घालून तिनं नमस्कार केला. घाबरली, असं सगळे म्हणाले. पण कुंदा घाबरणारी नव्हती. सातशे माणसांच्या गणपतीत ती गज मारता मारता समोरच्या पोराला डोळे वटारायची. फक्त शेजारी बकुळा लागायची.

आता नाशिकहून विचारणा होती. मुलींची शाळा, राहायला खोली. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन एकटीनं वाजवून दाखवायचं. कुंदाला नोकरी हवी होती. लग्नाचं नंतर बघू, असं ती भावाच्या तोंडावर म्हणाली होती, आणि दिनानाथनं त्यावर विनोद केला नव्हता. म्हणजे त्याला पटलं होतं.

म्हणून बकुळा कॅम्पात जात होती. मास्तरांच्या संगीतातलं तिला अर्धंही उमजत नव्हतं. पण दोघींनी एकमेकींना न धरता चालायचं असं ते म्हणत होते, आणि कुंदाला नेमकं तेच यायला हवं होतं. औषध कडू आहे ना, मग लागू पडेल, असा तिचा हिशेब.

•

मास्तरांचे उपाय

एकावर एक दुसरं गोणपाट. पाठीला पाठ. कुंदाला दुकानात, हार्मोनियमच्या उघड्या पोटांमध्ये, आणि बकुळेला मागच्या पडवीत. मध्ये मास्तरांच्या आईला, अम्मांना, मोठ्यानं जप करायला बसवून.

अम्मांचा जप दोघींच्या लयीत आला. दोघी मिळाल्या त्या मिळाल्याच.

•

विहीर

होळी झाली होती. त्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं म्हणून बकुळा विहिरीवर गेली. दोर सुटला, रहाट उलटा फिरला, दांडा मनगटावर बसला. उजव्या हातातल्या बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं. एकच उरली. हाताला खरचटलं होतं, पण गज धरता येत होता. हात मोकळा नको म्हणून तेवढी एक बांगडी तशीच राहू दिली, चिंधीची पट्टी करून खरचटल्या जागेवर बांधली, तिच्यात ती बांगडीही गेली, आणि दुपारी दोघी कॅम्पात.

गोणपाट. शुरू.

बकुळेची ओळ चढली, वळली, उतरू लागली. पलीकडे कुंदाची घुटमळत होती. आणि घुटमळतच राहिली. बकुळा षड्जावर उतरली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पुन्हा चढली, पुन्हा उतरली, पुन्हा कुणी नव्हतं. कुंदाचा सूर कुठंतरी बाजूनं गेला, अंधारात भिंत चाचपत गेल्यासारखा. मास्तर स्टुलाच्या कडेवर आले होते. त्यांनी तोंडावर हात धरला होता, आणि हाताच्या वर त्यांचे डोळे भरले होते.

मग पलीकडचं व्हायोलिन बंद पडलं.

"हो गया," मास्तर हळूच म्हणाले. "अदी, आज हो गया. क्या किया तुमने?"

बकुळा उठून गोणपाटाला वळसा घालून पलीकडे गेली. कुंदा गज मांडीवर ठेवून बसली होती. चेहरा पांढरा.

"वहिनी, कुठं गेली होतीस?"

"कुठं म्हणजे? इथंच होते. वाजवत नव्हते का मी?"

"वाजवत होतीस," कुंदा म्हणाली. "पण मला वाटलं तू उठून गेलीस."

•

दाराआड

बदलापूरची गोदूबाई कासारीण दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ओट्यावर बसली. तिनं बकुळेचा हात हातात घेतला, चिंधी सोडली, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पंजा बारीक केला. "ढिला सोड गं बाय. कापूस कर, कापूस."

पहिली नवी बांगडी आत गेली. मनगटावर उरलेल्या बांगडीवर ती वाजली.

तेवढ्या आवाजानं बकुळेला सगळं कळलं.

ती बदलापूरहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा व्हायोलिन माहेरून घेऊन आली. तिचे वडील विष्णुपंत एका नाटक कंपनीत वाजवायचे, त्यांनी शिकवलेलं. सासरे तेव्हा होते. दम्याचे, दिवसभर पुढच्या खोलीत खाटेवर. त्यांना गाण्याची आवड होती, पण सुनेनं समोर बसून वाजवावं हे काही त्यांना पटेना, आणि सुनेचं वाजवणं बंद व्हावं हेही पटेना. त्यांनी तोड काढली. सुनेनं माजघरात बसावं. दार लोटून घ्यावं. पुढच्या खोलीत कुंदानं बसावं, लहानगीनं, आईवेगळ्या पोरीनं, छोटं व्हायोलिन घेऊन. आतून ओळ यायची, बाहेरून कुंदा ती परत करायची. खाटेवरून सासरे म्हणायचे, "हं. पुढची."

पोरीला भावजयीचा हात दिसत नव्हता. गज कधी वळतो, ओळ कुठं मोडते, सम कधी येते, हे ती दाराआडून कशावरून ओळखत होती? गज वळला की उजव्या हातातल्या बांगड्या वाजतात. वर जाताना एक आवाज, खाली येताना दुसरा, आणि समेच्या आधी बकुळा मनगट जरा उचलते तेव्हा सगळ्या एकदम खाली सरकतात.

ती दार लोटून शिकली होती. मास्तर बिचारे तिच्यापुढे गोणपाट बांधत होते.

"किती भरू?" गोदूबाई विचारत होती.

एवढं कळल्यावर बकुळेनं काय करावं? हातात जुनी एकच राहू द्यावी, कुंदाला जवळ बसवून सांगावं, की बाई गं, हे असं आहे. औषध सापडलं होतं. ज्यासाठी टांग्याचं भाडं भरत होती ते सापडलं होतं.

पण तिला कालचं ते कुंदाचं तोंड आठवलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, जे आपल्या मनात आहे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ही शिकली की जाईल. नाशिकला खोली घेईल. पुढच्या खोलीत कुणी बसणार नाही, आणि मी आतून ओळ टाकीन ती कुणी परत करणार नाही.

"भर," बकुळा म्हणाली. "मनगट भरून भर."

"सण नाय, वार नाय, आन् मनगट भरून?"

"भर गं."

संध्याकाळी दिनानाथ दारातूनच म्हणाला, "कुणाची बैलगाडी आली म्हटलं. घुंगुरमाळ वाजली."

"माझीच."

"वाज, वाज," तो म्हणाला. "मला घर सापडायला बरं."

•

त्यानंतर कॅम्पात दोघी पुन्हा मिळू लागल्या. पहिल्यापेक्षा जास्त. कुंदा तर अशी खुशीत वाजवायची की तिची घुटमळणारी ओळ फुगडी घालायची.

मास्तर मात्र वाळत चालले. एकदा कानांनी ऐकलेलं परत येत नव्हतं. ते दुकानात एखादी हार्मोनियमची पट्टी दाबून धरायचे आणि भाता संपेपर्यंत तो सूर ऐकत बसायचे. चेटीचंदाला, सिंध्यांच्या वर्षारंभाला, बराकीत कार्यक्रम ठरला होता, लोकांना सांगून झालं होतं.

"अदी, छोड़ते हैं," एक दिवस ते म्हणाले. "मेरा ही भरम होगा. उस दिन हुआ, या मैंने ही सुना, मालूम नहीं. चेटीचंद पे दो भजन बजा दो. लोगों को भी अच्छा लगेगा."

त्यांनी गोणपाटाची एक दोरी सोडली. कोपरा खाली लोंबला.

बकुळेनं व्हायोलिन पेटीत घातलं, ते म्हणतील ते भजन वाजवू म्हणाली, अम्मांच्या पाया पडली आणि टांग्यात बसली. शेजारी कुंदा. टांगा वालधुनीच्या पुलाकडे लागला तेव्हा कुंदानं तिच्या दंडात हात घातला.

"वहिनी, मी नाशिकला कळवून टाकते. नाही येत म्हणून."

"का गं?"

"मला एकटीला नाही येत. मला कळलंय ते. त्या दिवशी तू थोडा वेळ नव्हतीस वाटलं, तर मला माझंच व्हायोलिन ओळखू येईना." ती हसली. "जाऊ दे ना. आपण दोघी वाजवतो तेच चांगलं आहे की."

ती हे दुःखानं म्हणाली असती तर बकुळेनं तिला समजावलं असतं. पण ती सुखानं म्हणाली. डोकं भावजयीच्या खांद्यावर टाकून, लहानपणी झोप आली की टाकायची तसं. बकुळेला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तिच्या खांद्यावर होतं, आणि ते तिला पेलवेना.

"टांगा वळवा," ती म्हणाली.

"काय राहिलं?" कुंदानं विचारलं.

"राहिलंय."

मास्तर स्टुलावर उभे राहून दुसरी दोरी सोडत होते.

"भजन नको," बकुळा दारातूनच म्हणाली. "तुमचंच वाजवू."

"मिल जाओगे, अदी."

"नाही मिळणार."

मास्तरांनी खाली लोंबलेला कोपरा उचलला आणि पुन्हा बांधायला घेतला.

•

चेटीचंद: अलीकडे

माणसं गोणपाटाच्या दोन्ही बाजूंना बसली होती. मास्तरांचं म्हणणं, ज्यानं त्यानं आपापल्या बाजूचं जवळून ऐकावं आणि पलीकडचं लांबून. त्यावरून आधीच कुरबुर. "उधर वाली अच्छी बजाती है, हमको इधर क्यों बिठाया?" दिनानाथ मुद्दाम कुंदाच्या बाजूला बसला होता.

सुरू होण्याआधी गोणपाटाला खालून एक बोट लागलं.

"वहिनी, आहेस ना?"

"आहे."

"राहा."

बकुळेनं पेटीतून जुन्या लुगड्याची पट्टी काढली. डाव्या हातानं आणि दातांनी, ती उजव्या मनगटावर गुंडाळली, बांगड्यांच्या वरून, बांगड्यांच्या मधून, एकही दुसरीला लागणार नाही अशी. समोर बसलेल्या सिंधी बायका बघत राहिल्या. त्यांना वाटलं हात दुखावलाय. एकीनं हळहळून जीभ टाळ्याला लावली.

शुरू कुणी म्हटलं नाही. मास्तर नुसते खाली बसले.

बकुळेची ओळ चढली. पलीकडे कुंदाची सुरू झाली, ठणठणीत, नेहमीच्या खुशीत. मग त्या खुशीला ठेच लागली. शेवटचा सूर लांबला, वाट पाहत राहिला. बकुळा आली, टेकली, निघाली. कुंदाला कळलंच नाही. तिची ओळ पुन्हा सुरू झाली, जरा घाईनं. पुन्हा थांबली. गज तारेवर थरथरल्याचा आवाज बकुळेनं ओळखला. ठाण्यालाही असाच आला असेल.

आणि पलीकडे सगळं बंद झालं.

लोकांना वाटलं असंच असेल. हे संगीतच तसलं. बकुळा वाजवत होती. तिच्या मनगटावर फक्त एक गाठ होती. गाठ सोडायची गरजही नव्हती, हात जरा झटकला असता तरी एखादी बांगडी पट्टीतून सुटून वाजली असती, आणि ते पोरगं तिकडं अंधारात हात लांब करून बसलेलं, धावत आलं असतं. ओळ चढली. ओळ वळली. बकुळेनं हात झटकला नाही. गज सरळ ओढला. डोळ्यांतलं पाणी व्हायोलिनवर पडू नये म्हणून मान तेवढी बाजूला घेतली.

पलीकडे, जेवढं ऐकू आलं तेवढं

एक सूर. फार हळू. लावून पाहिलेला.

मग तोच, जरा धीरानं.

मग दिनानाथचं खोकणं, उगाचच, मी आहे असं सांगणारं. त्याच्यासाठी सूर थांबला नाही.

मग घुटमळणारी ओळ, पण आता ती घुटमळत नव्हती. त्याच सुरांवरून ती सावकाश चालली होती, प्रत्येक ठिकाणी पाय टेकवून, जणू त्या जागी ती पहिल्यांदाच येत होती आणि कुणी बोलावलंय म्हणून नव्हे, तर पाहावंसं वाटलं म्हणून. एका सुरावर ती हवी तेवढी राहिली. कुणाचीही वाट न पाहता राहिली. मास्तरांनी रचलेलं होतं त्याहून जास्त वेळ राहिली, आणि मग आपली आपण निघाली.

अलीकडे

बकुळा षड्जावर उतरली आणि तिथं कुणी नव्हतं.

हे तिला ठाऊक असायला हवं होतं. तिनंच केलं होतं. तरी इतकी वर्षं ज्या पायरीवर कुणीतरी बरोबरच टेकायचं, त्या पायरीवर एकटीनं टेकताना तिचा तोल गेला. पुन्हा चढायचं कुठून, ते सापडेना. तिला वाटायचं ती पोरीला घेऊन चालते. पोर बोट सोडून पुढं गेली तेव्हा कळलं, बोट दोघींनी धरलेलं होतं.

तिनं गज तारेवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

मास्तरांनी चमकून पाहिलं. बकुळेनं मान हलवली. ती ऐकत होती. तिच्या बाजूची सगळी माणसंही मग ऐकू लागली, गोणपाटाकडे तोंड करून, एकटं व्हायोलिन, लांबून. मघाशी कुरबुरणाऱ्या बाईनं मांडीवरच्या पोराला थोपटणं थांबवलं. अम्मा जप विसरल्या.

संपलं तेव्हा टाळ्या पलीकडून आल्या.

•

कुंदा गोणपाटाला वळसा घालून आली. मानेवर घाम, केस सुटलेले. तिनं बकुळेच्या मनगटाकडे पाहिलं. मग खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ दातांनी मारलेली, घट्ट. नखानं सोडावी लागली. पट्टी उलगडत गेली, आणि शेवटचा वेढा निघाला तेव्हा सगळ्या बांगड्या एकदम खाली सरकल्या.

तो आवाज ऐकून कुंदा मान खाली घालून हसली. की रडली. केसांमुळे दिसलं नाही.

"तू मध्येच थांबलीस," ती म्हणाली.

"ऐकत होते."

"चुकलं का माझं?"

"मला काय माहीत. माझंच चुकलं होतं."

मास्तर दोघींच्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "अदी, वो जो तुम रुक गए. अगली बार भी रुकोगे?"

"रुकेंगे," बकुळा म्हणाली. हिंदीत म्हणाली, त्यामुळे दिनानाथला घरी पोहोचेपर्यंत चेष्टेला विषय पुरला.

•

घरी

वैशाख लागला. संध्याकाळची वेळ. कुंदा पुढच्या खोलीत, जिथं सासऱ्यांची खाट असायची तिथं बसून नाशिकला वाजवायचं ते वाजवत होती. आत बकुळा चुलीपुढं. तवा तापला होता, तांदळाचं पीठ मळून झालं होतं. तिनं पिठाचा गोळा हातात घेतला, परातीत ठेवला, आणि बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवल्या. मग तशीच बसून राहिली. भाकरी थापली की हात हलणार, बांगड्या कितीही वर नेल्या तरी वाजणार. ओळ संपू दे, मग थापू.

तवा धुरायला लागला.

बाहेरचं व्हायोलिन न थांबता कुंदाचा आवाज आला. "वहिनी, भाकरी का थापत नाहीस?"

"होऊ दे तुझं."

"थाप की. दादा येईल आता भुकेला."

"अगं पण,"

"थाप गं. मला काही होत नाही."

बकुळेनं बांगड्या खाली ओढल्या. हातावर पाणी घेतलं आणि थापायला सुरुवात केली, भाकरीच्या लयीत, पिठाला हवी तशी. बांगड्या मनगटावर वाजू लागल्या, वर, खाली, एकमेकींवर. बाहेर कुंदाची ओळ चढत होती. ती थबकली नाही, घाईला आली नाही. बकुळा कान देऊन थापत होती, मग कान न देता थापू लागली.

तव्यावरची भाकरी फुगली तेव्हा बाहेरची ओळ अजून वळणावरच होती, आणि तिला खाली यायची कसलीच घाई नव्हती.